जुन्या कॉम्प्युटरवरचा पाचोळा

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी सख्ख्या मुलीशी फोनवर खोटं बोललो. तेसुद्धा एका व्हिडिओ गेमपायी. ज्या माणसानं आपल्या घरात गेम हा शब्द शिवीसारखा वापरला, त्याच्यावर ही पाळी यावी, याचं मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

मुलगी दहावी झाली तेव्हा मी चंद्रपूरहून कॉम्प्युटर आणला होता. अहेरीत आमच्या ओळीतला तो पहिलाच. मी तो अभ्यासासाठी आणला आणि तिनं त्याच्यावर गेम खेळले. मग मी कीबोर्ड काढून कपाटात कुलूपबंद ठेवायला लागलो. पुढे तिनं इंजिनिअरिंग केलं, चांगल्या मार्कांनी केलं, आणि मी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून रचून ठेवलेली असताना ही पुण्याला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. मी मूळचा संतापी. भर अंगणात बोललो, "लोकाइची पोरं साहेब होऊन राह्यली अन् आमची पोरगी पोरखेळ करून राह्यली. तुह्या गेमच्या पैशाचा मी चहासुदा नाई पिणार!" ती पुण्याला गेली. सणावाराला येत राहिली. येताना आईसाठी पिशवी भरून सामान आणायची, माझ्यासाठी काहीही नाही. माझा शब्द ती माझ्यापेक्षा जास्त इमानदारीनं पाळत होती.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला कुरिअरनं एक छोटी हार्डडिस्क आली. तिच्यात कंपनीचा नवा गेम होता. आमच्याकडे पावसाळ्यात नेटचा काही भरवसा नसतो, म्हणून मुलीनं तो भरूनच पाठवला होता. सोबत माझ्या नावाची चिठ्ठी. 'बाबा, गेम सुरू झाला की नदी लागते. काठाकाठानं डाव्या हाताला वर जा. एक मोठं झाड दिसेल. त्याच्याखाली थांबा. तिथलं काम माझं आहे.' चार वर्षांत मला आलेली ही पहिली वस्तू. चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

हार्डडिस्क लावली. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की हा गेम या यंत्रावर चालणार नाही. पुन्हा लावली. पुन्हा तीच ओळ. मी कॉम्प्युटरच्या डब्याला एक चापट मारून पाहिली, जशी पूर्वी रेडिओला मारत असू. कॉम्प्युटर बंद पडला.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, पाह्यलं का?"

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर जुना झाला असं म्हणावं लागणार. तसं म्हटलं की ती नवा पाठवणार, आणि तो गेमच्याच पैशाचा असणार. मग माझ्या त्या चहाच्या शपथेचं काय? हे सगळं मनात येऊन जायला एक क्षण लागला आणि तोंडातून निघून गेलं, "पाह्यलं ना! मस्त हाय. झाड तर तू एक नंबर केलं."

मग ती हळू म्हणाली, "झाड दुसऱ्यानं केलं बाबा. मी खालचं केलं. जाऊ द्या." मग म्हणाली, आईले द्या फोन. आईला तिनं पोळ्याला येते म्हणून सांगितलं.

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला न सांगताच सगळं कळतं, हा माझ्या संसारातला जुना त्रास आहे. "नाई चालला म्हणून सांगाले का झालं होतं जी तुमाले?" ती म्हणाली. "येऊन राह्यली ते पोळ्याले. झाडाखाली काय होतं म्हणून पुसलं तर काय सांगान?"

पोळ्याला बारा दिवस होते. बारा दिवसांत मला माझ्या मुलीनं केलेलं काम पाहायचं होतं, एवढीच गोष्ट. ती विचारेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की ती विचारणारच नाही. 'जाऊ द्या' हे दोन शब्द मी वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकले आहेत. ते म्हणणारं मूल पुन्हा वही दाखवायला येत नाही.

आधी मोबाईलवर शोधलं. हा गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ सापडले. सगळे धावत होते, बाण मारत होते, घोड्यावरून जात होते. एकदा ते झाड ओझरतं दिसलंसुद्धा, पण खेळणारा भुर्रकन पुढे निघून गेला. "थांब ना लेका जरा!" असा मी मोबाईलवर ओरडलो. शेवटी कॉम्प्युटरचा डबा दुपट्ट्यात गुंडाळला, स्कूटरवर पायांमध्ये ठेवला आणि चाचांकडे गेलो.

चाचांचं बसस्टँडजवळ मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, पंखे, मिक्सर यांच्या मोटारींत ते नवी तांब्याची तार भरून देतात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण सगळं गाव चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. तार भरताना ते मनात फेरे मोजतात. त्या वेळी कोणी बोललं, तर मान वर न करता नुसता डावा हात वर करतात, आणि समोर तहसीलदार असला तरी गप्प उभा राहतो. कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा तेही त्यांनी उघडून पाहिले, आणि जिथून धूर निघतो ते सगळं आपलंच काम आहे असं ठरवून टाकलं. कुठेही शिकायला गेले नाहीत. शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून राग यायला हवा, मला मात्र त्यांच्याबद्दल नेहमी आदरच वाटत आला.

मी त्यांना सगळं सांगितलं, खोटं बोललो तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "म्हणजे तुमाले गेम खेळाचा नाई. पोरीचं काम पाहाचं हाय."

"खेळून मले काय कराचं हाय?"

"मंग होते," ते म्हणाले.

डबा उघडला तेव्हा आतून दहा-अकरा वर्षांची धूळ आणि पालीची दोन अंडी निघाली. चाचांनी रंगाच्या ब्रशनं सगळं साफ केलं. एका मेलेल्या कॉम्प्युटरमधली मेमरी काढून यात बसवली, विंडोज नवं टाकलं. मग म्हणाले, चित्र काढणारं कार्ड पाहिजे, त्याच्याशिवाय नवा गेम बोलतच नाही. राजुऱ्याला त्यांच्या मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला, आणि त्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड खणात पडून होतं. ते बसच्या कंडक्टरच्या हाती निघालं आणि वाटेतल्या नाल्याच्या पुलावरून पाणी गेल्यामुळे दोन दिवस अडकलं. ते दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ बसस्टँडवर जाऊन कंडक्टरांना हैराण केलं.

कार्ड आलं, तर डब्यात मावेना. चाचांनी कानस-करवत घेऊन आतला पत्रा कापला. बसलं, तर त्याला वीज पुरेना. मग त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरचा वीज पुरवणारा खोका काढून शेजारी स्टुलावर ठेवला, त्याच्या दोन टोकांना तारेचा बोटभर तुकडा जोडून तो चालू केला आणि त्यातली वीज फक्त त्या कार्डाला दिली. एका कॉम्प्युटरला दोन खोके, उघडा डबा आणि त्याच्यावर सोडलेला टेबलफॅन. कोणत्याही पुस्तकात हे चित्र सापडणार नाही. मी तर पाहतच राहिलो.

पण माझा धीर सुटत चालला होता. "चाचा, हे सगळं एकाच टायमाले लावून टाका ना!"

"एकेक, गुरुजी. चार गोष्टी संगंच बदलवल्या अन् बिघडलं, तर गुन्हा कोणाचा ते कसं समजन?"

एकानं दंगा केला म्हणून मी आख्ख्या वर्गाला ओळीनं छड्या मारल्या आहेत. एकदा नाही, अनेकदा. चाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते आपले स्क्रू आवळत होते, पण मला ते वाक्य लागलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी गेम सुरू झाला. त्यातल्या सगळ्या गोष्टी चाचांनी कमीत कमीवर आणून ठेवल्या होत्या. पडद्यावर नदी दिसली आणि मी दुकानातच टाळ्या वाजवल्या. मग कळलं की चालायचं कसं ते मला येत नाही. डाव्या हाताच्या बोटांनी कीबोर्डवर पाय टाकायचे आणि उजव्या हातातल्या माउसनं मान वळवायची. दोनदा नदीत बुडालो. चारदा रानडुकरानं मारलं. "रानात जलमून डुकराले भिऊन राह्यले गुरुजी," असं म्हणून चाचा पोट धरून हसले. अखेर काठाकाठानं वर गेलो आणि मोठं झाड दिसलं. पानं गळालेली, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके. मोहाचं झाड! मी ओरडलोच. त्याच्याखाली जाऊन थांबलो.

खाली काहीच नव्हतं.

सपाट मातकट जमीन. मी गोल फिरलो, मागे गेलो, पुढे आलो. जिकडे पाहावं तिकडे तीच सपाट जमीन, जंगलभर. चार वर्षं माझी मुलगी घर सोडून राहिली ती ही माती रंगवण्यासाठी? आधी राग आला, मग राग गेला आणि तिची कीव आली. कीव रागापेक्षा वाईट. मी उठलो आणि म्हणालो, "बंद करा चाचा. पाह्यलं."

चाचांनी बंद केलं नाही. ते झाडाकडे पाहतच नव्हते, आजूबाजूच्या जंगलाकडे पाहत होते. "गुरुजी, हे कोणत्या महिन्याचं रान हाय?"

"मोहाले फुलं हाय म्हणजे मार्च-एप्रिल. यात काय पुसाचं?"

"मंग झाडाचे पानं गेले कुठी?"

मी पुन्हा खाली बसलो. मार्चमधल्या जंगलात पाऊल टाकलं आणि पाचोळा वाजला नाही, असं आमच्या जिल्ह्यात होत नाही. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. आणि या सबंध रानात जमिनीवर एक पान नव्हतं. चाचांनी सेटिंग उघडून दाखवलं. गेम हलका करायचा म्हणून सगळं कमीत कमीवर नेलं, की पहिल्यांदा उडतं ते जमिनीवरचं गवत, पानं आणि झुडपं. गेम चालावा म्हणून आम्ही माझ्या मुलीचं कामच बंद करून ठेवलं होतं.

पाचोळा चालू केला. चित्र जागच्या जागी थिजलं आणि कॉम्प्युटर बसला.

"पंप जुना हाय," चाचा म्हणाले, "पाणी तेवढंच येईन. ते धानाच्या कोणत्या बांधीले द्याचं अन् कोणती कोरडी ठेवाची, ते तुमी सांगा."

त्या गेमची एक साधी अक्षरांची फाइल असते, तिच्यात शेकडो ओळी, प्रत्येक ओळीत एक गोष्ट आणि पुढे आकडा. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा आणि काय सोडायचं ते ठरवायचं. चाचा आकडा बदलायचे, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, गेम सुरू करून बघायचे. एका वेळी एकच. आधी मी आभाळ सोडलं. मग नदीचं चमकणारं पाणी, सावल्या, लांबचे डोंगर, माणसांचे चेहरे. पाखरांचे आवाज सोडताना जीवावर आलं, पण सोडले. तीन दिवस मी दुकानात बसून होतो. हात शिवशिवत होते, तरी एकदाही घाई केली नाही. बायकोला हे सांगितलं तर तिनं विश्वास ठेवला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा त्या नदीवर उभा राहिलो. आभाळ चुन्यानं सारवल्यासारखं पांढरं, नदी म्हणजे नुसता पत्रा, गेममध्ये मी ज्याला चालवत होतो त्या प्रवाशाच्या तोंडाच्या जागी कणकेचा गोळा. वीस पावलांपलीकडे धुकं. पण जमिनीवर पाचोळा होता! तपकिरी, तांबूस, कुरळलेला, एकावर एक पडलेला. साजाचं, म्हणजे ऐनाचं, पान वेगळं, मोहाचं वेगळं. बटण दाबलं की पाऊल दोन श्वासांनी पडायचं. तसाच रखडत वर गेलो.

झाडापाशी पाचोळा एकाएकी संपला. खोडाभोवती मोठं गोल अंगण, स्वच्छ झाडलेलं, आणि कडेला पानांची गोल बांध घातल्यासारखी रास. मातीवर खराट्याचे फराटे उठलेले, तेसुद्धा दिसत होते.

भामरागडच्या वाटेवर आमचं मूळ गाव. आमच्या धानाच्या बांधीच्या वरच्या अंगाला मोहाचं झाड आहे. फुलं गळायच्या आधी त्याच्याखालची जागा साफ करावी लागते, नाहीतर पहाटे पडलेली फुलं पाचोळ्यात हरवतात. बरेच लोक पाचोळा पेटवून देतात. आमचे वडील पेटवू देत नसत, आग जंगलात शिरते म्हणून. आम्ही खराट्यानं झाडायचो. मुलगी सात-आठ वर्षांची असताना मी तिला एकदा नेलं आणि अर्धी जागा तिला झाडायला दिली. तिच्या अर्ध्यात चारोळीचं एक गुडघ्याएवढं रोपटं होतं. तिनं सगळं झाडलं आणि त्याच्या बुडाशी पाचोळा तसाच ठेवला. मी डाफरलो, "तो पाचोळा काऊन सोडला? फुलं अटकते त्याच्यात." ती म्हणाली, "उनानं त्याचे पाय भाजतीन बाबा." मी तिच्या हातातून खराटा हिसकला आणि रोपट्याच्या बुडाशी झाडून टाकलं. ती घरी येईपर्यंत रडत होती. मी हे सगळं साफ विसरलो होतो.

पडद्यावर मी मान उजवीकडे वळवली. चित्र हळूहळू सरकलं. झाडलेल्या गोलात, खोडापासून चार पावलांवर, गुडघ्याएवढं एक रोपटं होतं. त्याच्या बुडाशी पाचोळ्याचा छोटा ढीग, कोणी हातानं लोटून नीट बसवल्यासारखा.

धावणाऱ्या कुणाला हे दिसणार नव्हतं. घोड्यावरच्याला तर नाहीच. तिनं ते करून ठेवलं आणि मला चिठ्ठी लिहिली, थांबा.

तेवढ्यात दुकानात कोणीतरी जळालेला पंखा घेऊन आलं आणि मोठ्यानं बोलायला लागलं. चाचांनी मान वर न करता डावा हात वर केला. तो माणूस गप्प झाला. मी डोळे पुसेपर्यंत तो हात तसाच वर होता.

"बारीक काम हाय गुरुजी," चाचा हात खाली घेऊन म्हणाले. "लय बारीक." मोटारीत केसाएवढी तार भरणारा माणूस हे म्हणत होता. आजवर मला मिळालेल्या सगळ्या शाली आणि नारळ मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकले असते.

चाचांनी तो सगळा पसारा घरी आणून टेबलावर जोडून दिला. मुलगी संध्याकाळच्या बसनं आली. मी स्टँडवर घ्यायला गेलो. वाटेत पाऊस, रस्ता, आईचे गुडघे असं सगळं बोलली, गेमचा शब्दही काढला नाही. मला जी भीती होती तेच झालं. घरात आली, तर समोर टेबलावर उघडा डबा, दोन खोके, तारेचा तुकडा, कापलेला पत्रा आणि त्याच्यावर फिरणारा पंखा. ती बॅग न ठेवताच उभी राहिली.

"हे काय हाय बाबा?"

मी काय बोलायचं ते तीन दिवस घोकून ठेवलं होतं. खोटं बोललो, चुकलो, तू मोठी झालीस, असं बरंच होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. माझा जुना आवाज आपोआप निघाला.

"त्या रोपट्याच्या बुडाशी पाचोळा काऊन सोडला तू?"

मग तिच्या हातातून बॅग खाली पडली.

"पाय भाजतीन म्हणून," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही काही कोरडा राहिलो नाही. सावरायला दुसरं काही सुचेना, म्हणून बायकोवर ओरडलो, "चहा मांड! अन् पोरीनं पत्ती आणली असंन, तर तेच टाक!"

"चार वर्सं झाले," स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेच पिऊन राह्यले तुमी."